उड्डाणे विमानतळाच्या खात्यात, धूर कोणाच्या?

प्रश्न : कमी जागेत प्रचंड संख्येने उड्डाणे हाताळतो म्हणून मुंबईचा विमानतळ कार्यक्षम म्हटला जातो. आसपासच्या वस्तीला सोसावा लागणारा धूर आणि आवाज या मोजमापात धरतात काय?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : रूढ मोजमापात धरत नाहीत. धावपट्ट्या, टर्मिनल, कर्मचारी व खर्च एका बाजूला आणि प्रवासी, माल व उड्डाणे दुसऱ्या बाजूला मांडून विमानतळांची आपापसांत तुलना केली जाते. त्यात १०० किलो माल एका प्रवाशाबरोबर मानण्याची जुनी पद्धत आहे. अशा तुलनेसाठी नेहमी वापरले जाणारे डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस हे गणित चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडले, तेव्हा उत्पादन जितके अधिक तितके चांगले, असेच त्यात गृहीत होते. हवे ते वाढवण्याचे आणि नको ते घटवण्याचे श्रेय एकाच वेळी देणारी रीत चुंग, फेअर व ग्रॉसकॉफ यांनी १९९७ मध्ये वापरली, तीही स्वीडनमधील कागद-लगद्याच्या कारखान्यांसाठी. विमानतळांपर्यंत ती नंतर पोहोचली.

तरीही हिशेबाची हद्द कोठे आखायची, हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रायः एकच वापरता येते. तिच्यावर गर्दी झाली की येणारी विमाने आकाशात घिरट्या घालत राहतात आणि जाळलेल्या प्रत्येक किलो इंधनामागे सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतात. उड्डाणांची संख्या विमानतळाच्या जमेस धरली जाते, हा धूर मात्र विमान कंपनीच्या नावे पडतो. स्थानिक हवेच्या हिशेबात साधारणतः ३,००० फुटांखालचाच टप्पा येत असल्याने त्याहून उंचावरच्या घिरट्या तेथूनही निसटतात.

सौरऊर्जेवर चालणाऱ्या विमानतळांबाबतही हेच तारतम्य हवे. कोचीने २०१५ मध्ये हे साधले, ते कौतुकास्पदच आहे. पण ती वीज इमारतींची, विमानांच्या इंजिनांची नव्हे. कार्बन उत्सर्जन आवरणाऱ्या विमानतळांना पायरीपायरीने मान्यता देणाऱ्या, २००९ मध्ये युरोपात सुरू झालेल्या विमानतळ कार्बन मान्यता योजनेतही विमानांच्या उत्सर्जनाचा हिशेब तिसऱ्या पायरीपासून मागितला जातो.

आवाज डेसिबलमध्ये मोजावा की त्याखाली राहणाऱ्या माणसांत, यावरही विमानतळांचा क्रम बदलतो. आमच्या मते तो माणसांत मोजावा. कुर्ल्याची वस्ती दाट झाली यात विमानतळाचा काय दोष, हा आक्षेप रास्त आहे. परंतु दोष कोणाचाही असला तरी त्या वस्तीवरचा भार हिशेबातून वगळता येत नाही.