लॅप्स १ ठेवला की कोड ३.१४ ला का पडतो?

तुमचा प्रश्न असा: आइन्स्टाइनची समीकरणं ग्रिडवर सोडवणारा कोड, त्यात न फिरणारं एकच कृष्णविवर, वस्तुमान १ (खाली त्यालाच एम म्हणतो; वेळ आणि अंतरही त्याच एककात), लॅप्स (कोडच्या एका पायरीत त्या बिंदूवरचं घड्याळ किती पुढे जातं) सगळीकडे १, शिफ्ट (पायरीगणिक ग्रिडचे बिंदू किती सरकवायचे) शून्य. ग्रिड कितीही बारीक केली तरी रन ३.१ एवढ्या वेळेच्या आसपास ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’) देऊन पडतो. खंडवा रोडवरच्या तुमच्या लॅबमधल्या मशीनचा यात दोष नाही. डेरिव्हेटिव्हही पुन्हा तपासू नका. तो आकडा पाय आहे, ३.१४१६.

लॅप्स १ म्हणजे ग्रिडचा प्रत्येक बिंदू मुक्तपणे पडणारा निरीक्षक, आणि कोडची वेळ म्हणजे त्याच्या मनगटावरची वेळ. पंक्चर डेटात (कृष्णविवराचं आतलं टोक ग्रिडवर एका बिंदूत, म्हणजे पंक्चरमध्ये, ठेवणारी सुरुवातीची स्थिती) क्षितिज, म्हणजे कृष्णविवराची सीमा, ग्रिडवर अर्ध्या एमच्या त्रिज्येवर असतं. तिथून स्थिर सुटलेला निरीक्षक बरोबर पाय गुणिले एम एवढ्या वेळात सिंग्युलॅरिटीत, म्हणजे वक्रता अनंत होते तिथे, पोचतो. कोड तेच इमानेइतबारे दाखवतोय, म्हणून हा ग्राफ रिपोर्टमध्ये जरूर घाला. कोडची ही नावाजलेली चाचणी आहे. पण सूर्याच्या ३० पट वस्तुमानाला हा काळ अर्धा मिलिसेकंदही भरत नाही. तेवढ्यात गुरुत्वीय लहर कुठली बाहेर पडणार?

तेव्हा आत मंदावणारी आणि बाहेर चालू राहणारी वेळ हवी. १९७० च्या दशकात यासाठी मॅक्सिमल स्लायसिंग पुढे आलं: के, म्हणजे निरीक्षक किती वेगाने एकमेकांजवळ येतात त्याचं माप, शून्य ठेवायचा. श्वार्झशिल्डमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या कृष्णविवरात, त्या स्लाइस (एकेका वेळेचे काप) १.५ एमच्या आत उतरतच नाहीत; ही त्रिज्या ग्रिडवरची नाही, क्षेत्रफळावरून काढलेली, तिच्यात क्षितिज २ एमवर असतं. फार देखणी कल्पना, पण दर पायरीला अख्ख्या ग्रिडवर एलिप्टिक (सगळे बिंदू एकदम गुंतवणारं) समीकरण सोडवावं लागतं. त्रिमितीत नकोच.

तुम्ही १+लॉग नावाचा लॅप्सचा नियम घ्या. लॅप्स बदलण्याचा दर उणे २ गुणिले लॅप्स गुणिले के. कोडमध्ये एका ओळीचं काम. निरीक्षक एकमेकांजवळ यायला लागले की के धन होतो, लॅप्स आपोआप उतरतो आणि तिथली वेळ थिजते. सुरुवातीचा लॅप्सही १ नको, कॉन्फॉर्मल फॅक्टरचा (अवकाश कुठे किती ताणलंय ते सांगणाऱ्या गुणकाचा) उणे दुसरा घात ठेवा.

शिफ्ट मात्र शून्य ठेवू नका. बिंदू आत पडत राहतात, क्षितिज ग्रिडवर फुगत जातं आणि मेट्रिकचा (अंतरं ठरवणाऱ्या राशींचा) उतार इतका खडा होतो की रन थोड्या वेळाने पुन्हा पडेल. गॅमा-ड्रायव्हर (शिफ्ट आपोआप जुळवत राहणारं समीकरण) जोडा, आणि लॅप्सच्या समीकरणात शिफ्टचं अ‍ॅडव्हेक्शन पद (बिंदू सरकल्याचा परिणाम धरणारं) विसरू नका. २००५ मध्ये ब्राउन्सव्हिल आणि नासा गोडार्डच्या गटांनी याच जातीच्या लॅप्स-शिफ्टवर पंक्चर ग्रिडवरून फिरू दिले आणि दोन कृष्णविवरांचं विलीनीकरण पार पाडलं.

बदल केल्यावर क्षितिजाचं क्षेत्रफळ छापत राहा. ते १६ गुणिले पाय, म्हणजे ५०.२७ च्या आसपास टिकलं पाहिजे. सरकत असेल तर रविवारी लॅपटॉप घेऊन रामबागेत या, एकत्र बसून बघू.