कार्डाचं व्याज : तिकडे १५, इकडे ४२

प्रश्न : माझा मुलगा तोक्योत नोकरी करतो. त्याच्या क्रेडिट कार्डाला वर्षाला १५ टक्के व्याज आहे. माझ्या बिलावर ‘दरमहा ३.५ टक्के’ लिहिलंय. मग माझं कार्ड स्वस्त का? आणि किमान रक्कम वेळेवर भरूनही व्याज कसं लागलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्वस्त नाही, जीएसटी धरून तिपटीहून महाग आहे. ३.५ गुणिले १२ म्हणजे ४२ टक्के. व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला की ४९.५६.

जपानमध्ये कर्जाच्या व्याजाला कायद्याचाच लगाम आहे. मुद्दल १ लाख येनच्या आत असेल तर २० टक्के, १० लाखांच्या आत १८, त्यावर १५. कार्डावर काढलेल्या रोख रकमेला हीच मर्यादा लागते. खरेदीच्या थकबाकीवरचं व्याजही बहुधा १५ च्या आसपास असतं. आपल्याकडे अशी आकड्यातली मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. ग्राहकाचं यात नुकसानच झालं, असं आम्हाला वाटतं. ब्राझीलमध्ये कार्डाचं व्याज वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर गेलं होतं. तिथे जानेवारी २०२४ पासून व्याज आणि शुल्क मिळून मूळ थकबाकीएवढं झालं की त्यांची आकारणी तिथेच थांबते.

आता किमान रकमेचं. ती भरली की फक्त विलंब शुल्क टळतं, व्याज नाही. समजा, ५ जूनला ४०,००० ची खरेदी झाली, ३० जूनला बिल आलं, २० जुलैला तुम्ही किमान २,००० भरले. उरलेल्या ३८,००० वर व्याज २० जुलैपासून नव्हे, ५ जूनपासून धरतात. ३० जुलैच्या बिलापर्यंत ५५ दिवसांचे सुमारे २,४०५ रुपये, त्यावर जीएसटी ४३३. म्हणजे भरले २,००० आणि चढले २,८३८.

थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणासुद्धा त्या कार्डावर घेऊ नका. घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्ज काढून कार्ड एकदम फेडा. त्याचा दर कार्डापेक्षा बराच कमी असतो. मग बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-डेबिट तपासा. तिथे ‘किमान देय’ निवडलेलं असेल तर ‘एकूण देय’ करा.