पालथा तांब्या

पुणे, वैशाखअखेर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

घरामागच्या मोकळ्या जागेत काय काय लावावे, असे तू विचारले आहेस. मृग नक्षत्र लागायला अजून अवकाश आहे, त्यामुळे झाडांची यादी सावकाश होईल. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांना एका रात्री जेवणानंतर बसवून घे आणि पाणी कोण घालणार, एवढे ठरवून टाक. तुझे आईबाबा, तुम्ही दोघे आणि तुमची लेक अशा पाचही जणांचा बागेवर जीव आहे, हे तुझ्या पत्रातून दिसते, आणि कुंडीतल्या झाडाला नेमकी हीच गोष्ट फार जड जाते.

मी लग्न होऊन कोथरूडच्या घरी आले, त्या वर्षीच्या श्रावणात आमची तुळस गेली. सासूबाई सकाळी पूजेनंतर तिला तांब्याभर पाणी घालत. मामंजी फिरून आले की झारी घेऊन बागेत जात आणि सुरुवात तुळशीपासूनच करीत. मी नवी सून, तेव्हा मीही दिवेलागणीला तिच्यापाशी थोडे पाणी सोडत असे, आणि धाकटे दीर शाळेच्या बाटलीत उरलेले पाणी तिथेच रिकामे करीत. पाने मान टाकू लागली, तेव्हा मामंजींनी पाणी कमी पडते आहे असे निदान केले आणि दुपारची एक झारी वाढवली. पाणी कमी पडले तरी पाने माना टाकतात आणि मुळे कुजली तरी तशाच टाकतात, हे त्या वेळी आम्हांला कोणी सांगितले नव्हते. शेवटी कुंडी आडवी करून मातीचा गड्डा काढला, तर मुळे काळपट पडलेली होती आणि बोटांत धरताच त्यांची साल मोज्यासारखी निघून हातात येत होती. वासावरूनच सासूबाईंना सगळे समजले. त्या दिवशी त्यांनी जेवण केले नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नियम घातला. जो पाणी घालील, त्याने तांब्या कट्ट्यावर पालथा घालायचा, आणि तांब्या पालथा दिसला की दुसऱ्याने झारीला हात लावायचा नाही. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ ही म्हण इतर घरांत निराशेने म्हणतात. आमच्या घरी ती कायद्याचे कलम म्हणून म्हटली जाऊ लागली, आणि चार वर्षांच्या पुतण्याने एकदा आजोबांना झारीसह जागीच थांबवून ती त्यांना म्हणून दाखवली, तेव्हा मामंजी निमूटपणे मागे फिरले. तू हा नियम जसाच्या तसा घे. पाणी घालणाऱ्यानेही आधी दोन पेरे बोट मातीत घालून पाहावे आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. पुण्याचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, तो दिवसदिवस भुरभुरत राहतो आणि वरून माती कोरडी वाटली तरी आत ओल धरून असते, म्हणून पावसाळ्यात हे बोट फार कामाचे आहे.

पहिल्याच पावसाळ्यात दुधी लाव, कारण त्याच्यामुळे घरातली माणसे संध्याकाळी एकत्र येतात. दुधीची पांढरी फुले दिवेलागणीला उमलतात आणि त्यांच्यावर रात्री उडणारे पतंग येतात. संततधार लागली की ते फिरकत नाहीत, आणि मग मादी फुलामागचा बोटभर दुधी पिवळा पडून गळतो. ज्या फुलामागे असा इवला दुधी असतो ते मादी फूल, आणि ज्याच्या मागे नुसता लांब देठ असतो ते नर. नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचा, एवढेच काम असते. आमच्याकडे सासूबाईंनी त्याचे लग्नच केले. त्यांनी मला छत्री धरायला, दिरांना विजेरी धरायला आणि मामंजींना भटजी म्हणून उभे केले, मामंजींनी गंभीर आवाजात ‘शुभमंगल सावधान’ म्हटले आणि सासूबाईंनी वेलावर खऱ्या अक्षता टाकल्या. पुढे तो दुधी चांगला हातभर झाला. मात्र लग्न लावलेल्या दुधीची भाजी करायची की नाही, यावर घरात दोन दिवस वाद झाला आणि अखेर त्याचा हलवा करून सगळ्या आळीत वाटला.

पावसाळ्यात गोगलगायीही येतील. त्या रात्री बाहेर पडतात, तेव्हा विजेरी आणि बादली घेऊन वेचाव्यात, हातात पिशवी किंवा मोजे घालावेत आणि बादलीत मिठाचे पाणी ठेवावे. मीठ थेट मातीवर टाकू देऊ नकोस, झाडांचेच नुकसान होते.

लिंबाचे झाड असेल, तर तुझी लेक आणि तुझे बाबा यांच्यात एक तंटा ठरलेला आहे, त्याची तयारी ठेव. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे काहीतरी दिसेल. ती फुलपाखराची अळी असते आणि मोठी झाली की हिरवी होते. आमच्या मुलीने, ती आठ वर्षांची असताना, अशी एक अळी काडीने हलकेच डिवचली आणि डोक्यामागून एकदम लालसर नारिंगी रंगाची दोन शिंगे बाहेर येऊन उग्र वास सुटला, तेव्हा ती किंचाळली नाही, उलट आजोबांना हाक मारून म्हणाली, ‘आजोबा, ही तुमच्यावर रागावली आहे.’ आजोबांच्या हातात फवारणीचा पंप होता. तासभर वाटाघाटी झाल्या आणि असे ठरले की खालच्या दोन फांद्या आणि कढीलिंबाचे झाड मुलीचे, बाकीचे लिंबू आजोबांचे, आणि आजोबांच्या हद्दीत आलेली प्रत्येक अळी फवारणीऐवजी हाताने उचलून मुलीच्या हद्दीत सोडायची. नंतर तिने एक कोष जाळीच्या डब्यात ठेवला. दहाएक दिवसांनी सकाळी त्यातून काळे, पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू निघाले आणि पंख वाळेपर्यंत मामंजी चहा हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांचा चहा गार झाला. आपले राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेली राणी पाकोळी, हिच्याही अळ्या लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतात, तेव्हा पंप विकत घेण्याआधी लेकीचे म्हणणे ऐकून घे.

गणपतीच्या दिवसांत जास्वंदीवर पहाटे कोणीतरी आकडी लावील. आमच्याकडे एक वृद्ध गृहस्थ कुंपणावरून फांदी ओढून फुले नेत असत. सासूबाई भांडल्या नाहीत. त्या साडेपाचला फाटकापाशी परडी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘फुले न्या, पण फांदी पिळवटू नका.’ पुढच्या पावसाळ्यात त्याच गृहस्थांनी आम्हांला अनंताचे रोप आणून दिले. आपल्या पूजेसाठी हवी असतील त्या टपोऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळी खुडून घरात ठेव, त्या सकाळपर्यंत उमलतात.

थंडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मेथी, पालक आणि टोमॅटो पुण्याच्या थंडीत सहज येतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तिथे सगळ्यांना ने, मात्र प्रत्येकाने एकच रोप घ्यायचे हे निघण्यापूर्वी ठरव. मोगऱ्याची छाटणीही त्याच सुमारास येते. आधी काही दिवस पाणी तोडायचे, मग फांद्या निम्म्यावर आणून खत घालायचे. ते बोडके झाड पाहून तुझी आई हळहळेल, तिला चैत्रापर्यंत धीर धरायला सांग; नव्या फुटीवरच कळ्या येतात आणि वैशाखात रोज संध्याकाळी ओंजळभर फुले मिळतात. आमच्याकडे ती मोजून वाटली जातात, पहिली देवाला, मग माठात दोन, आणि उरलेल्यांचा गजरा कोणाचा, यावर आजही चर्चा होते.

उन्हाळ्यात कुंड्यांवर वाळक्या पानांचा चार बोटे जाड थर दे, ओल टिकते. तुमच्या गल्लीत कोणी पाला जाळत असेल, तर त्याच्याकडून मागून आण.

रविवारी सकाळी मी जास्वंदीचे रुजलेले छाट घेऊन येते. त्यांना पहिले पंधरा दिवस कडक ऊन चालत नाही, तेव्हा आंब्याच्या सावलीतली जागा मोकळी करून ठेव.

तुझी,
काकू