आयसीयूत सेप्सिसच्या पेशंटचं 'भारी' अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बदलून साधं का देतात?

काळजी करू नका, बहुतेक वेळा ही चांगलीच बातमी असते. सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागणं; त्यात रक्तदाब फार खाली गेला की तो सेप्टिक शॉक. अशा वेळी पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक द्यावं लागतं. तेव्हा जंतू कोणता हे माहीत नसतं, म्हणून मेरोपेनेमसारखं बऱ्याच जंतूंवर चालणारं औषध सुरू करतात. त्याआधी रक्त घेतात ते कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्यासाठी. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो: जंतूचं नाव, खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या साध्या अँटिबायोटिकपुढे एस असेल आणि पेशंट सुधारत असेल, तर मेरोपेनेम चालू ठेवून फायदा काही नाही. उलट प्रतिरोधी जंतू माजतात, जुलाब मागे लागतात.

आणि '१४ दिवसांचा कोर्स हवाच' असंही नाही. २०२४ च्या बॅलन्स चाचणीत रक्तातल्या संसर्गाच्या ३,६०८ पेशंटमध्ये ७ दिवसांचे उपचार १४ दिवसांइतकेच चालले. स्टॅफ ऑरियस हा जंतू मात्र त्यात नव्हता, त्याला जास्त दिवस लागतात.

राऊंडच्या वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा: कल्चरमध्ये काय आलं, औषध किती दिवस?