बॉनेट नंतर, आधी डिकी उघडून बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दोघं जण, दहा दिवस, साधारण ३५०० किलोमीटर. अर्धाअधिक रस्ता सरळ महामार्गाचा आणि मधले तीन दिवस डोंगरातली वळणं. गाडी भाड्यानेच घ्यायची, पण ती स्पोर्टी हवी, जमलं तर छत उघडणारी. यादीत तीन नावं आहेत: माझ्दाची दोन सीटची, छत उघडणारी एमएक्स-५, फोर्डची मस्टँग कन्व्हर्टिबल (म्हणजे हीही छत उघडणारी) आणि फोक्सवॅगनची बंद छताची गोल्फ जीटीआय. यातली कुठली घ्यावी आणि गाडी घेताना काय विचारावं?

या तिन्ही जातीच्या गाड्या भाड्याने घेऊन मी लांब फिरलोय आणि दोनदा चांगलाच पस्तावलोय. दोन्ही वेळा इंजिनाची काही चूक नव्हती. एकदा माझी पाठ गेली, एकदा टायर गेला.

"त्यापेक्षा साधी मोठी गाडी घ्या, आरामात जाल," असं सांगणारे भेटतीलच. त्यांचं ऐकायची गरज नाही. हौसेने निघालाय तर हौस करा. फक्त एक फरक लक्षात ठेवा. जीटी ही अक्षरं 'ग्रान तुरिस्मो' या इटालियन शब्दांवरून आली. लांबचा पल्ला वेगाने आणि सुखाने गाठणाऱ्या गाडीला ते नाव होतं. निव्वळ स्पोर्ट्स कारचं काम वेगळं: हलकी, कडक, तासाभराच्या वळणांत जीव ओतणारी. तुम्हाला दहा दिवस जायचंय, तेव्हा स्वभावाने जीटी असलेली गाडी शोधा. किती हॉर्सपॉवर हा प्रश्न सगळ्यात शेवटी. महामार्गावर एका लयीत जाताना त्यातली थोडीच ताकद लागते, बाकीची नुसती सोबत येते.

आता डिकी. एमएक्स-५ ची डिकी १३० लिटरच्या आसपास आहे. म्हणजे विमानात हाताशी नेतो तशा दोन छोट्या बॅगा, त्याही मऊ कापडाच्या असल्या तर. कडक कवचाची सूटकेस असेल तर एकच, आणि दुसरी शेजारच्याच्या मांडीवर. (दुसरी मांडी नसल्यामुळे मी एकटा फिरलो तेव्हा ही गाडी स्वर्ग होती.) मस्टँग कन्व्हर्टिबलची तीनशे लिटरच्या आसपास, जीटीआयची पावणेचारशेच्या. पण छत उघडणाऱ्या गाडीत एक मेख असते. घडी केलेलं छत पुष्कळ गाड्यांत डिकीतच येऊन बसतं. त्यासाठी आत एक पडदा किंवा फळी असते. ती खाली ओढून अडकवली नाही तर बटण दाबूनही छत हलत नाही. म्हणजे छत बंद असताना डिकी मोठी आणि उघडायचं म्हटलं की छोटी. गाडी ताब्यात घेताना तो पडदा ओढा, आपल्या बॅगा खरोखर आत घाला, छत उघडा आणि पुन्हा मिटा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं, म्हणून पहिले दोन दिवस निरभ्र आकाशाखाली बंद छताने गाडी चालवली.

त्याच पाच मिनिटांत सीटवरही नीट बसा. स्पोर्ट सीटच्या दोन्ही कडा उंच असतात, वळणात शरीर धरून ठेवायला. बारीक माणसाला त्या मिठीसारख्या वाटतात, जरा रुंद माणसाला चिमट्यासारख्या. कंबरेचा आधार पुढेमागे होतो का, सीटची पुढची कड वर उचलता येते का, आणि हात किंचित वाकलेले ठेवून स्टीअरिंग धरता येतं का, एवढं बघा. माझी पाठ गेली ती अशाच एका कडक सीटवर, चौथ्या दिवशी. तोवर मी दर दोन तासांनी थांबायचं सोडून 'अजून थोडं' करत होतो, हेही कबूल करतो.

टायरवर मात्र जरा जास्त लिहितो, कारण यावर कोणी बोलत नाही. टायरच्या कडेला २५५/४० आर१९ असं काहीतरी लिहिलेलं असतं. २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या चाळीस टक्के, म्हणून १०२ मिलिमीटर. १९ हा रिमचा व्यास इंचात. साध्या गाडीच्या २०५/६० आर१६ टायरला हीच कड १२३ मिलिमीटर मिळते. दोन सेंटिमीटरचाच फरक, पण खड्ड्यात चाक आपटलं की तोच फरक रिम वाचवतो किंवा वाकवतो. कमी उंचीचा टायर वळणात छान बसतो, पण खड्डा थेट रिमपर्यंत पोचवतो.

माझा टायर गेला तो असा. कडेला गाडी घेताना एका तुटक्या दगडी काठावर चाक चढलं आणि टायरच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या कडेत, बोटभर चीर पडली. डिकीतली गादी उचलली तर स्टेपनी नव्हतीच. एक छोटा पंप आणि फेसाची बाटली. हा फेस टायरच्या तळव्यात खिळ्याने पडलेलं लहान भोक बुजवतो. कुशीतल्या चिरेपुढे त्याचा काही उपयोग नाही. टो गाडीची वाट बघत तीन तास बसलो आणि त्या मापाचा टायर मिळायला आणखी दीड दिवस गेला. काही गाड्यांत रन-फ्लॅट टायर असतात. त्यांत हवा गेली तरी साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून सुमारे ८० किलोमीटर जाता येतं. तेव्हा विचारायचं ते एवढंच: स्टेपनी आहे, फेस आहे की रन-फ्लॅट?

वाकून दोन गोष्टी आणखी बघा. टायरच्या खाचा किती खोल उरल्यात (पुष्कळ देशांत १.६ मिलिमीटर ही कायदेशीर किमान मर्यादा आहे, पण ओल्या रस्त्यावर त्याच्या बऱ्याच आधी पकड सुटायला लागते) आणि टायर कधीचा आहे. कडेवर चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. डोंगरात थंडी असणार असेल तर टायर उन्हाळी आहेत का, तेही विचारा. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ते ओल्या वळणावर लगेच कळतं, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

आता बुकिंग. फोटो मस्टँगचा असतो, खाली बारीक अक्षरात 'किंवा तत्सम'. भाड्याच्या गाड्या बहुतेक ठिकाणी मॉडेलवर नाही, वर्गावर दिल्या जातात. वर्गासाठी चार अक्षरांचा एक सांकेतिक कोड असतो: पहिलं अक्षर आकाराचं, दुसरं बांधणीचं, तिसरं गिअरचं, चौथं इंधन आणि एसीचं. दुसरं अक्षर टी असेल तर कन्व्हर्टिबल, एस असेल तर स्पोर्ट. तिसरं एम म्हणजे हाताचे गिअर, ए म्हणजे ऑटोमॅटिक. तो कोड वाचलात तर काउंटरवर धक्का बसत नाही. मला एकदा 'तत्सम' म्हणून जे दिलं त्याला फक्त दोन दरवाजे होते, बाकी तत्सम काही नव्हतं. ठराविक मॉडेलच हवं असेल तर मॉडेलची हमी देणारा प्रकार शोधा आणि ती हमी लेखी घ्या. मस्टँगमध्ये तर इंजिनही विचारा. २.३ लिटर चार सिलिंडर टर्बो आणि ५ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही८, दोन्ही बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात. आवाजासाठी घेत असाल तर पहिल्यात तो नाही. प्रवासासाठी घेत असाल तर पहिलंच बरं, पेट्रोल कमी पितं.

करारात किलोमीटरची मर्यादा सगळ्यात आधी शोधा. साध्या गाड्यांना अमर्याद किलोमीटर देणारेसुद्धा स्पोर्टी गाडीला दिवसाची मर्यादा घालतात. दिवसाला २०० असेल तर दहा दिवसांचे २००० होतात आणि तुमचे १५०० वर जातात. त्या प्रत्येक किलोमीटरचा वेगळा आकार (शुल्क). कधीकधी तो मूळ भाड्याइतका होतो. मग वयाची अट: २५ च्या खाली जादा आकार ही सर्रास गोष्ट, आणि ताकदवान गाड्यांना अट त्याहून वरची असू शकते. दोघंही चालवणार असाल तर दोघांची नावं करारात हवीतच. नाव नसलेल्या माणसाच्या हातून गाडी ठोकली तर विमा हात वर करतो. परदेशी परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो का ते बघा. तो रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या की १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आहे यानेही फरक पडतो.

विम्याचं थोडक्यात: नुकसान झालं तर पहिली ठराविक रक्कम तुमच्या खिशातून जाते, आणि स्पोर्टी गाडीला ती मोठी असते. टायर, रिम, काच आणि गाडीचा तळ पुष्कळदा विम्याबाहेर असतात. म्हणजे कमी उंचीच्या गाडीचं जे हमखास बिघडतं नेमकं तेच. कार्डासोबत मिळणाऱ्या विम्यावर विसंबून असाल तर त्यात महागड्या आणि स्पोर्ट्स गाड्या वगळल्यात का ते वाचा. कच्च्या रस्त्याची बंदीही वाचा. डिपॉझिटसाठी कार्डावर मोठी रक्कम अडकते आणि गाडी परत केल्यावर मोकळी व्हायला दिवस लागतात, तेव्हा हॉटेलसाठी दुसरं कार्ड जवळ ठेवा.

ट्रॅकवर नेण्याची बंदी तर असतेच. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची २०.८ किलोमीटरची जुनी फेरी लोकांसाठी खुली असते तेव्हा टोल भरून कोणीही आत जाऊ शकतो, तरी भाड्याच्या करारांत ती सहसा नाव घेऊन वगळलेली असते. याचं मूळ मला १९६६ मध्ये दिसतं. तेव्हा हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने शेल्बीकडून हजारेक जीटी३५०एच (मस्टँगचाच शर्यती अवतार) घेऊन भाड्याने दिल्या, आणि लोक शनिवार-रविवारी त्या शर्यतीत पळवून सोमवारी परत करत, असे किस्से अजून सांगितले जातात. आता गाडीतलं यंत्रच वेग आणि ठिकाण कळवू शकतं, त्यामुळे तसला पराक्रम नको.

पेट्रोलचा हिशेब महामार्गावर बिघडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो, म्हणून १०० वरून १३० वर गेलात की तो सुमारे १.७ पट होतो. छत उघडं असेल तर आणखी भर. कुठल्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं ते टाकीच्या झाकणामागे लिहिलेलं असतं. एमएक्स-५ ची टाकी ४५ लिटरची आहे, डोंगरात शिरण्याआधी भरून घ्या. आणि महामार्गावर छत मिटूनच चालवा. चौथ्या तासाला वाऱ्याचा आवाज डोकं उठवतो आणि मान कधी भाजली ते रात्री कळतं. छत सकाळी आणि संध्याकाळी, वळणांवर, साठच्या आसपासच्या वेगात उघडं ठेवण्यासारखं असतं.

गाडी घेताना आणि देताना उजेडात व्हिडिओ काढा. चारही रिम जवळून, पुढच्या बंपरची खालची कड जमिनीवर बसून, आणि शेवटी किलोमीटरचा आकडा व पेट्रोलचा काटा एकाच चौकटीत. रात्री चावी पेटीत टाकून निघून जायची वेळ येईल असं परतीचं नियोजन करू नका. मी केलं होतं आणि बंपरखालच्या एका जुन्या ओरखड्यासाठी तीन आठवडे मेल लिहीत बसलो.

तुमच्या तिघींपैकी मी जीटीआय घेतली असती. छत हवंच असेल तर चार सिलिंडरची मस्टँग, मागची सीट सामानाला. एमएक्स-५ वर जीव जडला असेल तर एक मधला मार्ग आहे: महामार्गाचा भाग साध्या गाडीने करा आणि डोंगरातले तीन दिवस तिथल्याच गावातून ती भाड्याने घ्या, म्हणजे किलोमीटरची मर्यादाही पुरते. मस्टँगचं ठरलं तर तिच्या टायरवरचे आकडे आणि करारातली दिवसाची मर्यादा इथे लिहा, मग पुढचं बघू.