जुने टू-स्ट्रोक डिझेल इंजिन बसवण्यापूर्वी

घरी बांधलेल्या ट्रॅक्टरवर जुने टू-स्ट्रोक डिझेल इंजिन बसवणार असाल, तर सांगाडा आणि गिअरबॉक्स यांच्याआधी इंजिनात जाणारी हवा बंद करण्याची सोय पाहा. ब्लोअरचे (सिलिंडरमध्ये हवा ढकलणाऱ्या पंपाचे) सील गळून वंगण तेल सिलिंडरमध्ये जाऊ लागले की इंजिन त्याच तेलावर बेफाम पळते आणि डिझेल तोडूनही थांबत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर घट्ट बसणारी लोखंडी झडप आणि चालकाच्या हाताशी आणलेली तिची वायर, एवढेच कामी येते. क्लच मात्र दाबू नये, कारण भार सुटताच वेग आणखी वाढतो. चढावर बंद पडून ट्रॅक्टर गिअरमध्येच मागे सरकला, तर हे इंजिन उलटेही सुरू होऊ शकते (पुढचा गिअर टाकून मागे जाण्याची गंमत मी अनुभवली आहे). तेव्हा ऑइलचा दाब मिळत नाही, म्हणून ते तत्काळ बंद करावे, नाहीतर बेअरिंग जातात.