'डायनर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: अमेरिकी कथा मराठीत आणताना रस्त्याकडेच्या 'डायनर'ला खानावळ म्हणावं, धाबा म्हणावं की उपाहारगृह? शब्दकोशात तर 'जेवणारा' एवढंच सापडतं.

'जेवणारा' हा अर्थ खराच, पण हे डायनर आलं आगगाडीतून. रेल्वेच्या डायनिंग कारला, म्हणजे आपल्या डेक्कन क्वीनला असतो तशा टेबल-खुर्च्यांच्या डब्याला, अमेरिकेत थोडक्यात डायनर म्हणत. पुढे त्या डब्यासारख्या दिसणाऱ्या खाण्याच्या जागांनाही तेच नाव चिकटलं.

त्या जागांची सुरुवात मात्र घोडागाडीची. 1872 मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट (कादंबरीकार नव्हे, दुसरा) रात्री गाडी लावून वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या रात्रपाळीवाल्यांना सँडविच, 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि कॉफी विकू लागला. मग अशा गाड्या मोठ्या झाल्या, गिऱ्हाइकं आत बसू लागली, आणि शेवटी गाड्या एका जागी स्थिरावल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला 1906 पासून एक कारखाना असे डबे तयार करून पाठवत असे. रुळांवरून किंवा रस्त्यानं न्यायचे, म्हणून ते लांब आणि अरुंद. डायनर म्हणजे रेल्वेचे मोडीतले डबे, असं बरेच जण मानतात. जुन्या ट्राम वापरून काही डायनर झालीही, पण पुष्कळशी कारखान्यातच घडलेली.

म्हणून 'खानावळ' नको. खानावळ म्हटलं की महिन्याचे मेंबर, ठरलेलं ताट आणि खाडे डोळ्यांसमोर येतात. डायनरमध्ये काउंटरपाशी उंच स्टुलावर बसायचं आणि समोरच्या तव्यावर आपली अंडी होताना बघायची. धाबा स्वभावानं जवळचा, ट्रकवाले आणि अवेळची भूक दोन्हीकडे आहे. पण वाचकाला बाज आणि तंदूर दिसणार. 'उपाहारगृह' तर सरकारी पाटीवरच शोभतं.

माझं मत, 'डायनर'च ठेवा, आणि पहिल्या उल्लेखात 'आगगाडीच्या डब्यासारखं' एवढं जोडा. मात्र 'हॉटेल'सारखं नपुंसकलिंगी वापरा: ते डायनर. 'तो डायनर' म्हटलं की जेवणारा माणूस वाटतो.

आणखी एक कारण आहे, आणि मला तेच मोठं वाटतं. 1956 च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्ग आले आणि जुने रस्ते बाजूला पडले. रूट 66 तर 1985 मध्ये अधिकृत यादीतूनच काढला. त्या रस्त्यांवरच्या कितीतरी डायनरची गिऱ्हाइकं तुटली. त्यामुळे अमेरिकी माणूस आज हा शब्द उच्चारतो तेव्हा त्यात हुरहूर असते. ती 'उपाहारगृहा'त उतरत नाही.

काउंटरवरच्या आरोळ्या मात्र बेधडक मराठीत आणा. टोस्टवर पाण्यात शिजवलेली दोन अंडी हवी असली की वाढणारी स्वयंपाक्याला ओरडून सांगायची, 'तराफ्यावर आदम आणि हव्वा!' हे मराठीतही तितकंच झकास लागतं. पदार्थ संपला की म्हणत 'एटी-सिक्स'. त्याचं शब्दशः 'शहाऐंशी' करू नका, वाचक किंमत समजेल. 'संपलं!' पुरे.